किलोमागे किती पडलं, ते घरात मोठ्यानं वाचा

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाड तालुक्यातली. बी.कॉम. झालेय. घरची दीड एकर द्राक्षबाग आहे आणि सगळा माल बेदाण्याला जातो. मालक कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत, बाग मामंजी आणि भाऊजी बघतात. गेल्या हंगामात मी पहिल्यांदा वही लिहिली. दुकानाचं बिल २,३५,०००, मजुरी १,४०,०००, शेडचं भाडं आणि बेदाण्याचा खर्च ६०,०००. १४ टन माल शेडवर गेला, ३,४०० किलो बेदाणा उतरला आणि सगळी कपात जाऊन किलोला सरासरी १४० रुपयांनी पट्टी (विक्रीचा हिशोब) झाली. हातात राहिले ४१,०००. मामंजी म्हणतात, बागेला पैसा दाखवल्याशिवाय बाग पैसा दाखवत नाही. शेजारी खायची द्राक्षं पिकवतो, आमच्यापेक्षा एकरी जास्त खर्च करतो, त्याचंच बघून आम्ही फवारतो. भाऊजींना कर्ज काढून छोटा ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर घ्यायचाय. मी हिशोब काढला की घरात तोंडं फिरतात. कधी वाटतं, बाग काढून ऊस लावलेला बरा. वही बंद करू का?

— एक सून

उत्तर

ताई, वही बंद करू नका. तुमच्या घरात यंदा झालेलं सगळ्यात कामाचं काम तेच आहे. फक्त तिच्यात आणखी एक रकाना घाला: किलोमागचा खर्च.

आपल्याकडे बागायतदार एकरावर बोलतो. "एकरी अडीच लाख घातले" हे अभिमानानं सांगितलं जातं. पण सौद्यात एकर विकला जात नाही, किलो विकला जातो. तुमचा एकूण खर्च ४,३५,००० आणि बेदाणा ३,४०० किलो, म्हणजे एक किलो बेदाणा तुम्हाला १२८ रुपयांना पडला. त्यातले ६९ रुपये दुकानात गेले, ४१ मजुरीला, १८ शेडला. १४० ला विकला आणि किलोमागे १२ रुपये सुटले. पुढच्या वर्षी दर १५ रुपयांनी उतरला तर वर्षभर राबून खिशातले पैसे घालावे लागतील. दर आपल्या हातात नाही. १२८ हा आकडा मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

तुम्ही पाठवलेली वहीची पानं मी सावकाश वाचली. दुकानाच्या बिलाची फोड तुम्ही छान केलीय: खतं ८५,०००, बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं १,०८,०००, टॉनिकं आणि जीए (मणी फुगवायचं संजीवक) मिळून ४२,०००. हा शेवटचा आकडा परत एकदा बघा. वर्षभरात तुमच्याकडे जेवढी शिल्लक राहिली, त्याहून हजार रुपये जास्त टॉनिकांना गेले.

याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. शेजारी खायची द्राक्षं पिकवतो. व्यापारी त्याचा मणी बघतो, लांबी बघतो, फुगवण बघतो, आणि त्यावर दर ठरतो. त्याला जीएचं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), फुगवणीच्या फवारण्या, घडाची विरळणी हे सगळं लागतं, आणि ते पैसे दरातून परत मिळवायची त्याला संधी असते. तुमचा माल रॅकवर वाळतो. बेदाण्याला मण्यात साखर लागते. फुगवलेल्या मण्यात पाणी जास्त असलं तर ते पाणी शेडमध्ये उडून जातं, आणि त्या पाण्यासाठी तुम्ही पैसे मोजलेले असतात. एकच गाव, एकच जात, एकच मांडव असला तरी त्याचं वेळापत्रक तुमच्या बागेला लागू होत नाही. तुमच्या खर्चातली मला दिसलेली सगळ्यात मोठी गळती हीच.

बागेत गोडी किती भरली, हे मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. एखाद्या चांगल्या फवारणीच्या खर्चात येतो. तो घ्याच. कारण असं: वाळलेल्या बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी राहतं. त्या हिशोबानं १८ ब्रिक्सचा, म्हणजे रसात साधारण १८ टक्के साखर असलेला, माल काढला तर एक किलो बेदाण्याला पावणेपाच किलो द्राक्षं लागतात. २२ ब्रिक्सला चार किलोपेक्षा किंचित कमी. तुमचं प्रमाण ४.१ निघतं, म्हणजे तुमचा माल साडेवीसच्या आसपास काढला गेला असावा. हेच १४ टन २२ ला काढले असते तर कागदावर ३,६०० किलोच्या पुढे बेदाणा उतरला असता. दोनशे-सव्वादोनशे किलो जास्त, १४० च्या दरानं तीस हजारांच्या घरात, आणि त्यासाठी एक रुपयाची बाटली लागली नसती. प्रत्यक्षात घाण, काडी, फुटलेले मणी यांत थोडं जातं, तरी फरक मोठाच राहतो.

मग माल लवकर का निघाला? तुम्ही लिहिलं नाही, पण दोनच कारणं असतात. एक, टोळी आणि शेड ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी काढणी झाली. दुसरं, वेलीवर घड जास्त ठेवले, त्यामुळे पानांना साखर पुरवताच आली नाही. पहिल्याला उपाय म्हणजे शेडवाल्याशी महिनाभर आधी बोलून ठेवणं, आणि मार्चच्या अवकाळीचा अंदाज बघून दोन-चार दिवस मागंपुढं करायची मुभा घेणं. दुसऱ्याला उपाय म्हणजे जादा घड वेळेत काढून टाकणं. घड तोडताना मामंजींच्या जिवाला लागेल, हे मला कळतं. पण कमी घडांत जास्त साखर भरते, आणि बेदाण्यात पैसा साखरेचा आहे.

आता औषधांकडे येते. १,०८,००० पैकी बराच भाग गरजेचा आहे, तो मी तुम्हाला कमी करायला सांगणार नाही. गोडी छाटणीनंतरचे, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतरचे, पहिले चाळीस-पन्नास दिवस, त्यात परतीचा पाऊस आणि सकाळचं दव असेल तर डावणी (केवडा) हा बुरशीचा रोग घडच खातो. तिथं हात आखडला तर हंगाम जातो. पण तुमच्या पानांत एक दिवस असा आहे, की त्या दिवशी मॅन्कोझेबची पुडी घेतलीय आणि सोबत मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं तयार मिश्रणही. त्या मिश्रणात ६४ टक्के मॅन्कोझेबच असतं. म्हणजे एकाच टाकीत एकच औषध दोनदा गेलं. असं आणखी तीन ठिकाणी झालंय. पुडीवरचं मोठं नाव कंपनीनं दिलेलं असतं. त्याखाली बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो. भाऊजींना सांगा, दुकानातून पुडी आणली की त्या बारीक अक्षराचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि वहीत नाव त्याचंच लिहायचं. दोन महिन्यांत त्यांचं त्यांनाच दिसेल, आपण काय दोनदा घेतोय.

डावणी आली की नाही, हे ओळखायची घरची रीत आहे. पानावर पिवळसर तेलकट डाग दिसला आणि शंका आली, तर ते पान ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवा. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी उगवलेली दिसली तर डावणी आहे, फवारा. नसेल तर दुसरं काही आहे, ते शोधा. पाऊस तोंडावर असेल किंवा पडून गेला असेल तर मात्र पिशवीची वाट बघू नका, संरक्षक फवारणी घ्याच. ढग नसताना, पान कोरडं असताना, कुणी तरी बांधावरून "मी मारलं" म्हणालं म्हणून मारलेली फवारणी वेगळी. तुमच्या वहीत ४६ फवारण्या आहेत. प्रत्येकीसमोर एक शब्द लिहा: पाऊस, डाग, की भीती. तिसऱ्या शब्दाच्या किती निघतात ते बघा.

पावसाळ्यात वेलीवर घड नसतात तेव्हा, आणि छाटणीनंतर खोडावर आणि ओलांड्यावर (खोडाच्या आडव्या फांद्यांवर), घरी केलेलं बोर्डो चांगलं काम देतं. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चांगला चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. तयार द्रावणात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घालायची. करायचं त्याच दिवशी वापरायचं. मामंजींच्या वयाच्या माणसांना हे पाठ असतं. त्यांच्याकडूनच करून घ्या.

टॉनिकांचं काय करायचं? २०२१ पासून अशी जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. ज्या बाटलीवर आत काय आहे तेच नीट लिहिलेलं नाही, ती परत करा. राहिलेल्यांसाठी भांडण नको, चार ओळी सोडा. त्या चार ओळींना खत, पाणी, बुरशीनाशक सगळं बाकीच्या बागेसारखंच. फक्त टॉनिक द्यायचं नाही. काढणीच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे वेगवेगळ्या घडांतले शंभर-शंभर मणी चुरून रसाचं ब्रिक्स बघा, घडाचं वजन बघा. बघायचं काम मामंजींकडे द्या आणि आकडा त्यांच्याच तोंडून वहीत उतरवा. बाग त्यांनी वाढवलीय. सुनेनं सांगितलं म्हणून ते कदाचित मानणार नाहीत, वेलीनं सांगितलं तर नक्की मानतील.

खतांचे ८५,००० हे अंदाजानं घातलेले दिसतात, कारण वहीत माती, पाणी किंवा देठ तपासल्याची एकही नोंद नाही. कृष्णाकाठच्या पट्ट्यात क्षार वाढलेली जमीन आणि खारवट विहिरी नवीन नाहीत. तिथं आंधळेपणानं खत वाढवणं म्हणजे पैसे देऊन मीठ वाढवणं. वर्षातून दोनदा देठ तपासा. एकदा खरड छाटणीनंतर (काढणी झाल्यावरच्या एप्रिलमधल्या छाटणीनंतर) पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास काडीच्या बुडाकडून पाचव्या पानाचा देठ, आणि दुसऱ्यांदा फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. सल्ल्याला गोकाकजवळच्या अरभावीचं फलोत्पादन महाविद्यालय आहे, बागलकोटचं फलोत्पादन विद्यापीठ आहे, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचे सल्ले मराठीतून मिळतात, आणि तिथं उतारा कर्नाटकातला की महाराष्ट्रातला हे कुणी विचारत नाही.

दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्या भागात अडीअडचणीला तोच उभा राहतो. पण जो उधार देतो तोच काय फवारायचं हे सांगतो, आणि ज्याची उधारी अंगावर आहे त्याला "नको" म्हणायला जीभ रेटत नाही, ही खरी अडचण आहे. पुढच्या वेळी एकाच औषधाचा रोखीचा भाव आणि उधारीचा भाव, दोन्ही विचारा. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही भरत असलेलं व्याज, ते बिलात कुठंच दिसत नाही. कर्नाटकात सोसायटीमार्फत मिळणाऱ्या बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा २०२३-२४ पासून पाच लाख केली आहे. मुदतीत फेडलं तर व्याज नाही. दीड एकराला पाच लाख मिळणार नाहीत, पिकाच्या आणि क्षेत्राच्या दरानं मिळतील, पण हंगामाची सुरुवात रोखीनं करता येईल. अर्ज कन्नडमध्ये असतो म्हणून आपली कितीतरी माणसं त्या खिडकीपर्यंत जातच नाहीत. गावातल्या शाळेत कन्नड शिकलेलं पोर सोबत न्या, लाजू नका. पहाणी उतारा (इकडचा सातबारा) मामंजींच्या नावावर असणार, तेव्हा सही त्यांचीच लागेल. त्याच फेरीत फ्रूट्स आयडी (शेतकरी नोंदणीचा सरकारी क्रमांक) झालाय का ते बघा, आणि फलोत्पादन खात्यात विचारा की तुमच्या ग्रामपंचायतीत द्राक्षाला हवामानावर आधारित पीकविमा आहे का. फळपिकाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. जमीन इकडे असल्यानं सगळ्या योजना इकडच्याच लागू. सांगलीच्या पाहुण्यांना मिळालेल्या अनुदानाची गोष्ट ऐकून तिकडे खेटे घालू नका.

भाऊजींच्या ट्रॅक्टरबद्दल. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. रात्री पाऊस झाला आणि भाड्याचा ब्लोअर दोन दिवसांनी आला, तर डावणी तोवर थांबत नाही. वेळेवर फवारणी होणं याला किंमत आहे. तरीही आकडा मांडा. समजा एका फवारणीचं भाडं ७०० रुपये, ४६ फवारण्यांचे झाले ३२,२००. समजा ट्रॅक्टर आणि ब्लोअर मिळून सहा लाख, व्याज १० टक्के. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ६०,०००. त्यावर मुद्दल, डिझेल, दुरुस्ती वेगळी. दीड एकर हे ओझं पेलणार नाही. भाऊजींना दुसऱ्यांच्या बागा फवारून भाडं कमवायचं असेल, तर तो वेगळा धंदा आहे. त्याची वही वेगळी, आणि आधी आठ-दहा एकरांचा शब्द माणसांकडून घेऊनच कर्जाला हात घालायचा. तोवर बांधाशेजारचे तीन-चार जण मिळून एका ब्लोअरवाल्याशी हंगामाचा करार करा: पाऊस झाला की पहिला नंबर आमचा, त्यासाठी फेरीमागे थोडे जास्त देऊ. कृषी यंत्रधारे केंद्राचं (सरकारी योजनेतून यंत्रं भाड्यानं देणाऱ्या केंद्राचं) भाडंही विचारून ठेवा.

एका ठिकाणी मात्र मी तुम्हाला खर्च वाढवायला सांगणार आहे. खरड छाटणीनंतर एप्रिल ते जूनमध्ये काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. तेव्हा फुटी विरळ करून, शेंडा वेळेत मारून, सबकेन करून (शेंडा मारल्यावर येणाऱ्या बगलफुटीची काडी करून) पानांवर ऊन पडलं पाहिजे. नेमकं तेव्हाच घरात पैसा नसतो, बेदाण्याची पट्टी अडकलेली असते, आणि बाग दुर्लक्षित राहते. मग ऑक्टोबरात घड कमी दिसले की टॉनिकं सुरू होतात. जो घड डोळ्यात नाहीच, तो बाटलीतून येत नाही. तुमच्या वहीत मे महिन्याची मजुरी फक्त ९,००० आहे. टॉनिकातून वाचलेल्या पैशातले दहा हजार तिथं घाला.

टॉनिकं निम्मी केली तर २१,०००, आणि औषधातली दुबार खरेदी थांबली तर तुमच्या पानांवरून १४,००० च्या आसपास, असे ३५,००० वाचतात. तेवढेच पैसे माल वाढवून मिळवायचे तर अडीचशे किलो जादा बेदाणा, म्हणजे टनभर जादा द्राक्षं वेलीवर लादावी लागतील. मेचे दहा हजार वजा करूनही शिल्लक ४१,००० ची ६६,००० होते, ब्रिक्सचा फायदा अजून धरलेला नाही.

आणि वहीत एक रकाना अजून कोरा आहे: घरच्यांची हजेरी. तुम्ही आणि सासूबाई विरळणीला, काढणीला, शेडवर बेदाणा निवडायला किती दिवस होतात? बाहेरच्या बाईला जी हजेरी दिली असती ती तुमच्या नावापुढे लिहा. पैसे कुणी देणार नाही, पण बाग परवडते की नाही याचं खरं उत्तर त्याशिवाय निघत नाही. "घरचंच काम" म्हणून ते शून्य धरायचं, आणि त्या शून्यावर बाग नफ्यात दाखवायची, हे मला मान्य नाही.

उसाचा विचार आता करू नका. मांडवाचा पैसा गेला म्हणून बाग धरून ठेवा असं मी सांगत नाही. गेलेला पैसा हिशोबात घ्यायचाच नसतो. पण एका वर्षाच्या वहीवर बाग तोडू नये. पुढचे दोन हंगाम वरच्यासारखी चालवा. घरची हजेरी धरूनही किलोमागचा खर्च नव्वद-शंभरपर्यंत उतरत नसेल, तर मग उसाचा असाच हिशोब, पाण्याच्या पाळ्यांसकट, समोर ठेवून ठरवा.

घरातल्या फिरलेल्या तोंडांबद्दल शेवटी लिहितेय, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल. तुम्ही "खर्च जास्त झाला" म्हणता तेव्हा मामंजींना "तुम्ही उधळलंत" असं ऐकू येतं. मालक रविवारी घरी असतील तेव्हा सगळे जेवून बसल्यावर नुसते तीन आकडे वाचा: १२८ ला पडला, १४० ला गेला, ६९ दुकानात. कुणाचं नाव घेऊ नका, उपाय सांगू नका. मग मामंजींना विचारा, "मामंजी, यातलं काय कमी केलं तर बागेला बाधणार नाही?" उत्तर त्यांना देऊ द्या. चार ओळी कुठल्या सोडायच्या तेही त्यांनीच दाखवावं, घटकाचे फोटो भाऊजींनी काढावेत. वही तुमच्याच हातात राहू द्या.

जूनमध्ये देठाचा अहवाल आला की त्याची प्रत आणि मे-जूनची पानं पाठवा. पोटॅश आणि सोडियमचे आकडे बघून खताचं काय कमी करता येईल ते कळवते.